धरावं कसं, सोडावं कसं

सदलग्यातल्या एका गॅरेजच्या कोब्यावर मिस्त्रींनी खडूनं एक आकृती काढली आहे. डावीकडे बॅटरीचा चौकोन. मध्ये एक लहान चौकोन, त्याला दोन बोल्ट. उजवीकडे एक मोठा गोल. बॅटरीपासून निघालेली जाड रेघ लहान चौकोनाच्या पहिल्या बोल्टाला टेकते आणि तिथे न थांबता त्याच बोल्टावरून थेट गोलापर्यंत जाते. दुसऱ्या बोल्टावरून एक बारीक रेघ निघते, तीही गोलालाच जाऊन मिळते. वरून किल्लीची आणखी बारीक रेघ लहान चौकोनात उतरते. गोलाखाली तीन आडव्या रेघा, एकीपेक्षा एक आखूड. जुन्या अँबॅसिडरला नव्या धाटणीचा सेल्फ बसवताना वायरिंग कसं करायचं, याची ही पूर्ण संहिता. तिच्यात शब्द एकच लिहिला आहे, ‘अर्थ’.

रसग्रहणासाठी आपण एरवी कविता घेतो, बंदिश घेतो, एखादं चित्र घेतो. मी ही आकृती घेतो आहे, आणि तेवढ्याच आदरानं घेतो आहे. तिच्यातली प्रत्येक रेघ कुणीतरी पुरता विचार करून ओढलेली आहे. एक जरी इकडची तिकडे झाली तरी सगळ्याचा अर्थ बदलतो. सेल्फ म्हणजे इंजिन सुरू करून देणारी मोटर, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण ही आकृती बारकाईनं वाचत गेलं की ध्यानात येतं, इंजिनाला धरायला फार अक्कल लागलेली नाही. सगळी हुशारी त्याला वेळेवर सोडण्यात खर्च झाली आहे.

सदलगा हे चिकोडी तालुक्यातलं, दूधगंगेच्या काठचं गाव. जैन समाजाला ते आचार्य विद्यासागर महाराजांचं जन्मगाव म्हणून ठाऊक आहे. १९४६ साली ते इथे जन्मले. भोवती ऊस, निपाणीच्या बाजूला तंबाखू. गॅरेजपुढे चिकोडीची केए-२३ आणि कोल्हापूरची एमएच-०९ अशा दोन्ही पाट्यांच्या गाड्या शेजारी शेजारी उभ्या असतात. बोलणंही तसंच, एक वाक्य कानडी तर पुढचं मराठी. या पट्ट्यात मोटर ही परकी वस्तू नाही. नदीवर, विहिरीवर, बोअरवर मोटरी बसलेल्या, त्यामुळे बाजाराच्या गावात रिवायंडिंगचं दुकान असतंच. जळालेल्या मोटरीतली तांब्याची तार उपसणं, नवी वेटोळी भरणं, वार्निश लावून वाळवणं, हे इथली पोरं शाळेतून येता-जाता बघत मोठी होतात. त्यामुळे सेल्फ उघडून बाकावर मांडला तरी कुणी बिचकत नाही. आर्मेचर, फील्ड कॉइल, कार्बन, बुश ही नावं तोंडात बसलेली आहेत.

गाडीबद्दल थोडक्यात. अँबॅसिडर ही मूळची इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड, तिसऱ्या मालिकेतली. हिंदुस्थान मोटर्सनं कोलकात्याजवळ उत्तरपाड्याला ती १९५७ पासून २०१४ पर्यंत बनवली. आमच्या भागात ती डॉक्टरांची, तंबाखूच्या व्यापाऱ्यांची, साखर कारखान्याच्या चेअरमनांची गाडी. आता ज्या उरल्यात त्या वाड्याच्या सोप्यात नाही तर पत्र्याच्या शेडात असतात आणि लग्नसराईत बाहेर निघतात. १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन चांगलं असतं, पण सेल्फ थकलेला असतो. बुश झिजलेले, आर्मेचर आत घासतंय, बेंडिक्स अडकतंय. मग नवा बसवायचं ठरतं आणि वायरिंगचा प्रश्न उभा राहतो, कारण जुना सेल्फ आणि नवा सेल्फ या दोन वेगळ्या रीतीच्या रचना आहेत.

जुनी रचना आधी वाचली पाहिजे. तिच्यात सेल्फवर फक्त एकच वायर येते, जाड. सोलेनॉइड, म्हणजे विजेच्या चुंबकानं चालणारा स्विच, वेगळा, इंजिनाच्या मागच्या पत्र्यावर बसवलेला. बॅटरीची जाड वायर सोलेनॉइडच्या एका बोल्टावर, दुसऱ्या बोल्टावरून दुसरी जाड वायर खाली सेल्फला. किल्ली फिरवली की सोलेनॉइड दोन बोल्ट जोडतो आणि सेल्फ एकदम जोरात फिरतो. यात इंजिनाला धरायची सोय कुठे आहे? वायरिंगमध्ये ती नाहीच. ती सेल्फच्या दांड्यावर आहे. दांड्याच्या पुढच्या टोकाला आटे पाडलेली नळी आणि त्या आट्यांवर बसलेला दातेरी पिनियन. मोटरीला झटका बसतो, दांडा क्षणात गती घेतो. पिनियन जड, तो लगेच फिरायला तयार होत नाही. दांडा पुढे पळतो, पिनियन मागे राहतो, आणि आट्यांवरून सरकत जाऊन फ्लायव्हीलच्या, म्हणजे इंजिनाच्या जड चाकाच्या, दातांत शिरतो. सरकून टोकाला पोचला की तिथली जाड स्प्रिंग दणका पचवते आणि मग इंजिन फिरू लागतं.

आता सुटका. इंजिन पेटलं की फ्लायव्हील पिनियनला दांड्यापेक्षा जास्त वेगानं फिरवतं. त्याच आट्यांवर पिनियन आता उलटा सरकतो आणि बाहेर फेकला जातो. आत नेणारे आणि बाहेर आणणारे आटे एकच. किल्ली कधी सोडायची याचा ड्रायव्हरनं अंदाज बांधण्याआधीच इंजिन स्वतः सेल्फला बाजूला सारतं. या रचनेला मिस्त्रीलोक ‘बेंडिक्स’ म्हणतात, ते अमेरिकेतल्या व्हिन्सेंट बेंडिक्स यांच्या नावावरून. शंभर वर्षांहून जुनी कल्पना, आणि मला ती आजही पूर्ण वाटते: एकही जास्तीची वायर नाही, एकही जास्तीची तरफ नाही.

सुटका एवढी महत्त्वाची का, ते आकड्यांत बघण्यासारखं आहे. फ्लायव्हीलच्या कडेचे दात आणि पिनियनचे दात यांचं प्रमाण साधारण दहा ते पंधरा पट असतं. बारा पट धरू. सेल्फ मिनिटाला दोन हजारच्या आसपास फेरे घेतो तेव्हा इंजिन दीड-पावणेदोनशे फेऱ्यांनी फिरतं, आणि पेट्रोल इंजिनाला पेट घ्यायला तेवढं पुरतं. पण पेटलेलं इंजिन हजारावर जातं. पिनियन दातांतच राहिला तर सेल्फ मिनिटाला बारा हजार फेऱ्यांनी ओढला जाणार. आर्मेचरच्या खाचांतली तार तेवढा वेग सोसू शकत नाही. ती बाहेर उधळते आणि फील्ड कॉइलला घासून सगळं एकजीव करते. असा उधळलेला सेल्फ ज्यानं एकदा उघडून पाहिला आहे, त्याला सोडण्याची किंमत पुन्हा समजावून द्यावी लागत नाही.

बेंडिक्सचे दोषही आहेत आणि ते लपवण्यात अर्थ नाही. बॅटरी उतरलेली असली की मोटर हळू वेग घेते, पिनियन सरकतच नाही, आणि सेल्फ नुसता घुमत राहतो. इंजिन एकदाच खोकलं तरी पिनियन बाहेर पडतो; मग मोटर पूर्ण थांबेपर्यंत धीर धरायचा आणि नंतरच पुन्हा किल्ली. घाईनं मारली तर फिरता पिनियन दातांवर आपटतो. चार सिलिंडरचं इंजिन थांबतं ते बहुतेक ठरलेल्या दोन जागांवर, पिस्टन दाबाला जाऊन अडतो तिथे. म्हणून फ्लायव्हीलचे दातही त्या दोन जागांवरच झिजतात. तिथे पिनियन अडकून बसला की गाडी टॉप गिअरमध्ये टाकून मागेपुढे हलवायची, हा ड्रायव्हर लोकांचा जुना उपाय. जुन्या लुकास सेल्फच्या मागच्या टोकाला टोपीखाली एक चौकोनी मुंडी असते, तिला पाना लावून दांडा फिरवून सोडवायचा, हा मिस्त्रीचा. आणि एक नियम पाठच करावा असा: बेंडिक्सच्या आट्यांना तेल-ग्रीस लावायचं नाही. रॉकेलनं धुवायचं आणि कोरडं ठेवायचं. उसाच्या हंगामात इथल्या रस्त्यांवर जी धूळ उडते ती ओल्या आट्यांवर बसली की पिनियन जागचा हलत नाही.

सेल्फ येण्याआधी इंजिन हातानं फिरवायच्या हँडलची आठवण ठेवल्याशिवाय सेल्फचं मोल कळायचं नाही. हा भाग तर हँडलवरच वाढला. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा जन्म बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. १८८८ साली बेळगावात त्यांनी सायकलचं दुकान टाकलं आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसवली. पुढे त्या घराण्याची ऑइल इंजिनं नदीकाठच्या शेताशेतात पोचली. इंजिन चालू करायचं म्हणजे डीकंप्रेशनचा खटका वर करायचा, हँडल लावायचं, दोन्ही हातांनी फिरवत वेग आणायचा आणि योग्य क्षणी खटका पाडायचा. इंजिन पेटलं की हँडल आपोआप सुटावं म्हणून त्याच्या तोंडाला तिरकी खाच असे. ती खाच झिजली तर हँडल इंजिनाबरोबर गरगरत राही आणि माणसाच्या अंगावर येई. पेट्रोल गाडीच्या हँडलची भीती आणखी वेगळी: ठिणगी लवकर पडली तर इंजिन उलटा झटका देतं. म्हणून अंगठा मुठीत वळवायचा नाही, बोटांच्याच बाजूला ठेवायचा, असं जुने ड्रायव्हर शिकवत. उलट्या झटक्यानं मनगटं मोडलेली माणसं तेव्हा सगळ्या जगात होती.

विजेच्या मोटरीनं गाडी सुरू करायचा विचार पुष्कळांनी केला होता, पण हिशेब जमत नव्हता. इंजिन फिरवेल एवढी ताकद हवी तर मोटर इंजिनाएवढीच होणार, असं सगळे धरून चालत. तो हिशेब जमवला चार्ल्स केटरिंग यांनी. ते आधी पैशांच्या गल्ल्याची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत होते आणि त्या गल्ल्याला त्यांनी विजेची मोटर बसवली होती. तिथे त्यांना उमगलं होतं की जी मोटर क्षणभरच चालायची आहे तिच्यावर तिच्या कुवतीच्या कितीतरी पट भार टाकता येतो. ती तापायच्या आत काम संपलेलं असतं. १९१२च्या कॅडिलॅकमध्ये त्यांचा सेल्फ आला. शेतावरची एक अश्वशक्तीची मोटर उचलायला दोन्ही हात लागतात. सेल्फ एका काखेत मावतो आणि काही सेकंद जवळपास तेवढीच ताकद देतो. एका दमात दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नये आणि मध्ये अर्धा मिनिट थांबावं, हा नियम तिथूनच आलेला आहे. सेल्फ घडवला आहे तोच थोडा वेळ टिकण्याच्या बोलीवर.

आता नवी रचना. नवा सेल्फ लहान आहे, त्याच्या पोटात गिअर आहेत. मोटर जास्त वेगानं फिरते आणि गिअर तो वेग कमी करून जोर वाढवतात. त्याच्या पाठीवर त्याचा स्वतःचा सोलेनॉइड बसलेला. त्यावर तीन जोडण्या. एक जाड बोल्ट, त्याच्याजवळ ३० हा आकडा. एक लहान पातं, तिथे ५०. हे आकडे जर्मन मानकातून आलेले आणि आता बहुतेक सगळीकडे चालणारे. तिसऱ्या बोल्टावरून तांब्याची पट्टी थेट मोटरीत जाते. जुन्यात मोटर आधी फिरते आणि पिनियन मागून दातांत शिरतो. नव्यात पिनियन आधी जाऊन बसतो आणि मगच मोटर जोर लावते. कानाला हा फरक लगेच कळतो. जुन्याची सुरुवात घरघरीनं होते आणि मग खडक्. नव्यात आधी खट्, आणि मागोमाग उंच सुरातली शीळ.

हा खट् कसा होतो, ते या सगळ्या संहितेतलं सर्वांत सुंदर कडवं आहे, म्हणून तिथे मी जरा रेंगाळणार आहे. सोलेनॉइडच्या आत एक नाही, दोन वेटोळी आहेत. एक जाड तारेचं, खेचणारं. दुसरं बारीक तारेचं, धरून ठेवणारं. दोन्हींची सुरुवात ५० नंबरच्या पात्यापासून होते. शेवट मात्र वेगवेगळे: धरणारं वेटोळं बॉडीला, म्हणजे अर्थला जाऊन संपतं, खेचणारं संपतं ते मोटरीच्या बोल्टावर. पहिल्यांदा बघताना हे विचित्र वाटतं. दोन्ही सरळ अर्थला का नाही नेली?

किल्ली फिरवा आणि करंटच्या मागे मागे जा. ५० वर करंट आला. धरणाऱ्या वेटोळ्यातून तो अर्थला गेला. खेचणाऱ्यातून तो मोटरीत शिरला आणि मोटरीमार्गे अर्थला गेला. दोन्ही वेटोळी मिळून लोखंडी दांडा ओढतात, दांडा तरफेनं पिनियनला फ्लायव्हीलकडे ढकलतो. तेवढ्या वेळात खेचणाऱ्या वेटोळ्यातून आलेला करंट मोटरीला किंचित हलवत असतो, त्यामुळे पिनियन सावकाश वळत वळत येतो आणि दाताला दात आपटण्याऐवजी खाचेत बसतो. दांडा टोकाला पोचतो, त्याच्या शेंड्यावरची तांब्याची चकती ३० आणि मोटर हे दोन्ही बोल्ट जोडते, आणि बॅटरीचा सगळा करंट मोटरीत कोसळतो. बरोबर याच क्षणी खेचणाऱ्या वेटोळ्याचं काय झालं बघा. त्याच्या एका टोकाला, ५० वर, बॅटरीचं पूर्ण व्होल्टेज. दुसऱ्या टोकाला, मोटरीच्या बोल्टावर, तेही आता बॅटरीचं पूर्ण व्होल्टेज. दोन्ही टोकं समान, म्हणून त्यातून काहीच वाहत नाही. खेचण्याचं काम पुरं झालं आणि खेचणारं वेटोळं आपसूक गप्प झालं. त्याला बंद करायला वेगळा स्विच ठेवलेला नाही. आता बारीक वेटोळं एकटं, थोड्या करंटवर, दांडा धरून ठेवतं.

पुढची ओळ त्याहून वरची आहे. इंजिन लागलं, किल्ली सोडली. ५० चा बाहेरून येणारा पुरवठा तुटला. पण आतली चकती अजून दोन बोल्टांना चिकटलेली आहे, मोटरीच्या बोल्टावर बॅटरी अजून आहे. तिथून करंट खेचणाऱ्या वेटोळ्यात शिरतो, या खेपेला उलट्या दिशेनं. ५० च्या पात्यापाशी येतो, बाहेर जायला वाट नाही, म्हणून धरणाऱ्या वेटोळ्यातून सुलट्या दिशेनं अर्थला जातो. एकाच करंटनं एक वेटोळं उलटं आणि एक सुलटं ओलांडलं. दोन्हींचे फेरे मुद्दाम समान ठेवलेले असतात. एकाचं चुंबकत्व दुसऱ्याचं खोडून काढतं, बेरीज शून्य होते, आणि परतीची स्प्रिंग दांडा मागे ढकलते. धरून ठेवणाऱ्या शक्तीच्या हातूनच सोडणं घडवून आणलं आहे. खेचणाऱ्याचं टोक मोटरीच्या बोल्टावर का नेलं, या प्रश्नाचं उत्तर इथे मिळतं. ज्यानं पहिल्यांदा हे वेटोळं असं नेलं त्याच्या बुद्धीला मी मनापासून हात जोडतो.

एवढं वाचल्यावर कोब्यावरच्या आकृतीतला मुख्य प्रश्न आपोआप सुटतो. गाडीवरचा जुना सोलेनॉइड ठेवायचा का, आणि ठेवला तर कसा? सोपी वाट अशी दिसते: जुनी जाड वायर होती तिथेच राहू दे, जुन्या सोलेनॉइडच्या दुसऱ्या बोल्टावरून खाली येऊन ती नव्या सेल्फच्या ३० वर चढव, आणि ३० ते ५० अशी छोटी पट्टी लावून टाक. किल्ली फिरवली की दोन्ही जागी एकदम करंट येणार. गाडी सुरू होते, म्हणून काम झालं असं वाटतं. असंच काम करून घेतलेली एक गाडी या गॅरेजात आली होती. मालक म्हणाले, “मिस्त्री, किल्ली सोडली तरी सेल्फ सोडंना झालाय बघा. घर्र करून वरडतोय.” मिस्त्रींनी बॉनेटमध्ये डोकं घातलं आणि वर न बघताच म्हणाले, “आण्णा, ती पट्टी आधी काढूया. पट्टीनंच धरून ठेवलाय त्येला.”

पट्टीनं काय बिघडवलं ते आपल्याला आता वाचता येतं. किल्ली सोडली, वरचा जुना सोलेनॉइड तुटला, बॅटरी गेली. पण मोटर अजून वेगात फिरते आहे, आणि फिरती मोटर स्वतःच वीज तयार करते. नव्या छोट्या सेल्फांत पुष्कळदा कायमचे चुंबक असतात, त्यांत तर चांगलीच. ती वीज चिकटलेल्या चकतीतून ३० वर येते आणि पट्टीवरून ५० ला जाते. धरणारं वेटोळं धरूनच राहतं. खेचणाऱ्या वेटोळ्याची दोन्ही टोकं पट्टीमुळे एकत्र आलेली, म्हणून त्यात उलटा करंट जात नाही, आणि खोडाखोडीची ती सुंदर ओळ घडतच नाही. मोटर मंदावेपर्यंत पिनियन दातांत अडकून राहतो. पिनियनमागे एकाच दिशेला धरणारा क्लच असतो, म्हणून आर्मेचर लगेच उधळत नाही. पण पोटातल्या गिअरनं वेग आणखी तीन-चार पट वाढतो हे लक्षात घेतलं की त्या क्लचवर दर वेळी काय बेतत असेल याची कल्पना येते.

म्हणून कोब्यावरची आकृती वेगळं सांगते. बॅटरीची वायर जुन्या सोलेनॉइडच्या पहिल्या बोल्टावर आहे तशीच. खाली सेल्फकडे जाणारी जाड वायर दुसऱ्या बोल्टावरून काढून पहिल्यावर आणायची, आणि तिचं खालचं टोक ३० वर. रिकाम्या झालेल्या दुसऱ्या बोल्टावरून नवी बारीक वायर ५० ला. जाड वायर फक्त एका बोल्टावरून शेजारच्या बोल्टावर गेली, आणि जुन्या सोलेनॉइडची भूमिका पालटली. पूर्वी तो दीडशे अँपियरचा मोठा प्रवाह स्वतः तोडत-जोडत होता. आता तो फक्त निरोप पोचवतो. किल्ली सोडली की ५० खरोखर मोकळा होतो आणि आतलं कडवं पूर्ण म्हटलं जातं. जुना सोलेनॉइड काढून किल्लीची वायर थेट ५० ला का नाही नेली, असं कुणी विचारेल. खेचणारं वेटोळं क्षणभर तीस-चाळीस अँपियरही ओढू शकतं. जुन्या किल्लीच्या आतले संपर्क तेवढ्यासाठी केलेले नाहीत. ‘बारीक’ वायरही त्याच कारणानं फार बारीक चालत नाही, ४ चौरस मिलिमीटरची तरी हवी. रंगांचं भान ठेवलं तर फारच चांगलं: लुकासच्या पद्धतीत तपकिरी म्हणजे बॅटरीचा थेट पुरवठा, पांढऱ्यावर लाल पट्टा म्हणजे सेल्फचा हुकूम. पुढच्या मिस्त्रीला ते न सांगता कळतं.

या बदलाची एक जबाबदारी आहे आणि तिच्याबाबत मी आग्रही आहे. जाड वायर आता किल्ली काढल्यावरही, गाडी शेडात झाकून ठेवल्यावरही, जिवंत असते. तिच्यावर फ्यूज नसतो. ती पत्र्याच्या कडेला घासली तर बॅटरी आपली सगळी ताकद तिथे ओतते. म्हणून पत्र्यातून जाताना रबरी ग्रोमेट, मध्ये पकडीला क्लिप, सायलेन्सरच्या तापलेल्या नळीपासून अंतर, आणि ३० च्या बोल्टावर रबराची टोपी. हात घालण्याआधी बॅटरीचा अर्थ सोडायचा. बोल्ट आवळताना खालच्या नटाला दुसरा पाना लावून धरायचं, नाहीतर तांब्याचा बोल्टच फिरतो आणि आतली जोडणी तुटते. बाहेरून सगळं ठाकठीक दिसतं आणि सेल्फ मेलेला. मिस्त्रींच्या डाव्या हातातला तो दुसरा पाना बघत राहावा असा आहे. उजवा हात जोर लावतो, डावा तो जोर आत जाऊ देत नाही.

राहिल्या गोलाखालच्या तीन आडव्या रेघा. आकृतीत त्या सर्वांत लहान, आणि जिच्यात निम्मं सर्किट सूचित केलंय अशी खूण तीच. काव्यशास्त्रात व्यंजना म्हणतात तसं इथे न लिहिलेलं वाचायला लागतं. जाणारा करंट वायरीतून जातो. येणारा सेल्फच्या बॉडीतून इंजिनात, इंजिनातून गाडीच्या बॉडीत, बॉडीतून बॅटरीत परततो. पण इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं आहे. रबरातून करंट जात नाही. इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी विणलेल्या तांब्याची एकच पट्टी असते, आणि ती तेलानं, गंजानं, रंगानं निकामी झालेली असली तर करंट दुसरी वाट शोधतो: ॲक्सिलरेटरची केबल, चोकची केबल. किल्ली मारल्यावर चोकची केबल हाताला गरम लागली तर दोष सेल्फमध्ये शोधू नये. ०.०१ ओहम हा आकडा कुणाला मोजण्याएवढाही वाटणार नाही, पण दीडशे अँपियर त्यातून गेले की दीड व्होल्ट तिथेच संपतात. नव्या सेल्फच्या बैठकीखालचा रंग खरवडून, धातू उघडा करून, दातेरी वॉशर घालून बसवतात ते याचसाठी. कित्येक सेल्फ निष्कारण बदलले जातात आणि मूळ दुखणं त्या पट्टीत असतं, हे मला या विषयात सगळ्यात जास्त टोचतं.

एक शेरा उलट्या अर्थबद्दल. साठच्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या पुष्कळ ब्रिटिश घाटाच्या गाड्यांत बॅटरीचा पॉझिटिव्ह बॉडीला जोडलेला असे. अशा गाडीचा जुना सेल्फ फील्ड कॉइलचा. फील्ड आणि आर्मेचर एकामागोमाग जोडलेले. बॅटरी उलटी केली तर दोन्हींतला करंट उलटतो, आणि मोटर पूर्वीच्याच दिशेनं फिरत राहते. कायमच्या चुंबकाच्या नव्या सेल्फला हे जमत नाही, कारण त्याचा चुंबक पालटत नाही; उलट्या अर्थवर तो उलटा फिरेल. त्यामुळे नवा घेण्याआधी गाडीचा अर्थ कोणता आणि सेल्फच्या पोटात कॉइल आहे की चुंबक, हे दोन्ही विचारायलाच हवं. पिनियन फ्लायव्हीलच्या कुठल्या बाजूनं शिरतो आणि दातांच्या कडा त्या बाजूला घासलेल्या आहेत का, हेही बॅटरी लावून बघण्याआधी हातानं तपासायचं.

जुन्या गाडीत नवा सेल्फ घालणं हा तिच्या जुनेपणाचा अपमान आहे, असं मानणारे लोक मला भेटतात. त्यांची भावना मला समजते. कोल्हापूरच्या दसऱ्याला छत्रपती घराण्याची मेबॅक निघते तेव्हा तिचा प्रत्येक भाग मूळचाच असावा असं मलाही वाटतं. पण लग्नाच्या वऱ्हाडात उभ्या राहणाऱ्या गाडीला सुरू व्हावं लागतं. माझी अट एवढीच, की बदल परत फिरवता यावा. या आकृतीत मूळची एकही वायर कापलेली नाही, पत्र्याला एकही नवं भोक पाडलेलं नाही, जुना सोलेनॉइड जागेवर बसून काम करतो आहे. जुना सेल्फ भंगारात घालू नये. कोल्हापूरच्या उद्यमनगरात त्याचे बुश करून मिळतात, कार्बन बदलता येतात, कम्युटेटर लेथवर साफ होतो, आणि बेंडिक्स रॉकेलनं धुऊन कोरडं करून पोत्यात गुंडाळून ठेवता येतं. परत चढवायचं मनात आलं तर बॅटरीचा अर्थ सोडायचा, जाड वायर पहिल्या बोल्टावरून पुन्हा दुसऱ्यावर न्यायची, बारीक वायर काढून तिच्या तोंडाला टेप लावायचा, आणि दोन बोल्टांवर सेल्फ आवळायचा. दुपारच्या जेवणाआधी होणारं काम आहे.